पुढचा शब्द कोणाचा?

“सर, पहिलं प्रकरण दर वेळी राहतंय. बाकीची सगळी होतात, पहिलंच तेवढं होत नाही.” एका दुपारी असा फोन आला तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बहुतेकांना वाटते तेच मलाही वाटले, की फोन करणाऱ्याचेच काहीतरी चुकत असणार. फोन पुण्यातल्या एका लहान प्रकाशनसंस्थेत अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंचा होता. त्यांच्याकडे फार पूर्वी पेजमेकरमध्ये लावलेल्या पुस्तकांचा मजकूर होता, आणि तो ज्या जुन्या फाँटमध्ये होता त्यात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्यामुळे फाँट काढून घेतला की पानभर नुसता कचरा दिसत असे. तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी मी त्यांना पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. अक्षराच्या आधी टाइप केलेली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे नेणे, अक्षरानंतर आलेला रफार सोडवून त्या अक्षराच्या आधी ‘र्’ ठेवणे ही त्यातली खरी किचकट कामे होती आणि त्यांत चूक निघाली असती तर मला नवल वाटले नसते. चूक निघाली ती ज्या भागावर मी दहा मिनिटेही घालवली नव्हती त्या भागात, म्हणजे कमांड लाइनवरून आलेले ऑप्शन (प्रोग्रॅमने काम कसे करावे ते सांगणारे, डॅशने सुरू होणारे शब्द) वाचण्याच्या चार ओळींत.

ताईंच्या टेबलाजवळच्या एका जुन्या संगणकावर मी उबंटू हे लिनक्स टाकून दिले होते आणि टर्मिनल उघडून कमांड कशी द्यायची तेही दाखवले होते. त्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या टाइप करत असत ते असे: ‘रूपांतर --बॅकअप *.टीएक्सटी’. (प्रत्यक्षात हे सगळे रोमन लिपीतच टाइप होते, वाचताना अडखळायला नको म्हणून येथे देवनागरीत लिहितो आहे.) मूळ फाइलवर नवा मजकूर लिहिण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवायची, हे ‘--बॅकअप’चे काम. त्या प्रतीच्या नावाला कोणती शेपटी जोडायची ते हवे तर ऑप्शनच्या पुढे लिहावे, न लिहिल्यास ‘.बॅक’ जोडली जाईल, अशी सोय मी मोठ्या कौतुकाने करून ठेवली होती. ऑप्शनसोबत दिलेल्या अशा शब्दाला त्याची किंमत म्हणतात, आणि शाळेत ऐच्छिक विषय असतात तशी ही ऐच्छिक किंमत होती.

आता काय होत होते ते पाहा. ताऱ्याच्या चिन्हाचा अर्थ माझा प्रोग्रॅम लावत नाही, तो शेल लावतो, म्हणजे टर्मिनलमध्ये आपली कमांड वाचून पुढे पोहोचवणारा प्रोग्रॅम. फोल्डरमध्ये १२ प्रकरणे असली तर शेल त्या ताऱ्याच्या जागी बाराही नावे क्रमाने मांडतो आणि मग ती यादी प्रोग्रॅमच्या हाती देतो. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला ‘--बॅकअप’ या शब्दाच्या लगेच पुढे ‘प्रकरण-०१.टीएक्सटी’ हा शब्द दिसत होता. ऑप्शनला किंमत चालते, पुढे एक शब्द उभा आहे आणि त्याची सुरुवात डॅशने होत नाही, एवढे पाहून त्याने तो शब्द शेपटी म्हणून उचलला. उरलेल्या ११ प्रकरणांचे रूपांतर बिनतक्रार झाले आणि त्यांच्या मूळ प्रतींना ‘प्रकरण-०२.टीएक्सटीप्रकरण-०१.टीएक्सटी’ अशी आगगाडीसारखी नावे मिळाली. पहिले प्रकरण फाइल म्हणून प्रोग्रॅमपर्यंत पोहोचलेच नव्हते.

“ती लांबलचक नावाच्या फाइली येतात ना, त्या मी दर वेळी डिलीट करते,” ताई म्हणाल्या. “मला वाटलं, तुमच्या प्रोग्रॅमचं ते तसंच असतं.” ज्या प्रती जपण्यासाठी तो ऑप्शन लिहिला होता, त्या प्रती नावे विचित्र वाटतात म्हणून रोज कचऱ्यात जात होत्या. मी फोनवर काही क्षण गप्प राहिलो. मूळ मजकुराची सीडी कपाटात आहे असे त्यांनी सांगितल्यावर श्वास सोडला.

मला हे आधी का दिसले नाही याचे कारण लाजिरवाणे आहे. मी चाचणी घेताना सवयीने फाइलचे नाव आधी आणि ऑप्शन शेवटी लिहीत होतो. ऑप्शनच्या पुढे शब्दच उरत नसल्यामुळे त्याला गिळायला काही मिळत नव्हते. ऑप्शन आधी ठेवून मी एकाच फाइलवर जरी प्रयोग केला असता, तरी ती एकुलती एक फाइल गिळली जाऊन ‘फाइल दिलेली नाही’ अशी चूक ताबडतोब समोर आली असती. अनेक फाइली दिल्या तरच हा दोष गुपचूप राहतो, आणि ताईंचे काम तर नेहमी अनेक फाइलींचेच होते.

या घोटाळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, जी टर्मिनलवर वर्षानुवर्षे काम करूनही आपण विसरतो. आपण टाइप केलेली ओळ प्रोग्रॅमला ओळ म्हणून मिळतच नाही. शेल मोकळ्या जागांवर तिचे तुकडे करतो, अवतरणचिन्हे सोलून काढतो, तारे उलगडतो आणि शब्दांची एक यादी पुढे करतो. कोणता शब्द कोणाला चिकटून वाचायचा हे आपल्या मनात असते, त्या यादीत नसते. ज्या ऑप्शनला किंमत लागतच नाही त्याच्या पुढचा शब्द मोकळा असतो, आणि ज्याला किंमत लागतेच त्याच्या पुढचा शब्द त्याच्या मालकीचा असतो. या दोन्ही प्रकारांत प्रोग्रॅमला विचार करावा लागत नाही. किंमत ‘दिली तर दिली’ अशी असली की मात्र पुढच्या शब्दावर दोघे हक्क सांगतात आणि निवाडा करायला पुरावा काहीच नसतो.

युनिक्सच्या जगातल्या जाणत्यांना हे फार पूर्वीच कळले होते. ऑप्शन वाचण्याचे ‘गेटऑप्ट’ नावाचे फंक्शन एटी अँड टी कंपनीने १९८५ मध्ये डॅलस येथील युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुले केले. त्यात अक्षरांची एक माळ द्यायची असते. अक्षरापुढे अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, असली तर त्या ऑप्शनला किंमत हवीच, नसली तर किंमत नाहीच. तिसरा पर्याय त्यात नव्हता. पुढे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स प्रमाणकाने कमांड कशा असाव्यात याची जी १४ मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, त्यातले सातवे सूत्र थोडक्यात एवढेच सांगते की ऑप्शनची किंमत ऐच्छिक असू नये. लिनक्सवरच्या बहुतेक कमांड ज्यांच्या आहेत त्या ग्नू प्रकल्पाच्या मंडळींनी मात्र अपूर्णविरामापुढे आणखी एक अपूर्णविराम ठेवून ऐच्छिक किमतीला दार उघडून दिले, पण सोबत एक अट घातली. अशी किंमत ऑप्शनला चिकटूनच आली पाहिजे: एकाक्षरी ऑप्शन असेल तर मध्ये जागा न सोडता, आणि लांब नावाचा ऑप्शन असेल तर बरोबरच्या चिन्हाने जोडून. मध्ये जागा सोडली की पुढचा शब्द त्या ऑप्शनचा नाही, मग तो दिसायला कितीही किमतीसारखा असो. ही अट वरवर जाचक वाटते. माझ्या चार ओळींत नेमकी तीच नव्हती.

ही अट ठाऊक नसलेल्या माणसाची फजिती कशी होते ते मायएसक्यूएल हा डेटाबेसचा प्रोग्रॅम पहिल्यांदा वापरणाऱ्याला विचारावे. त्यातला ‘-पी’ हा ऑप्शन पासवर्डचा आहे आणि त्याची किंमत ऐच्छिक आहे. नुसते ‘-पी’ लिहिले तर प्रोग्रॅम पासवर्ड विचारतो, चिकटवून लिहिला तर तोच वापरतो. नवखा माणूस साहजिकच ‘-पी’ लिहून जागा सोडतो आणि आपला पासवर्ड लिहितो. प्रोग्रॅम त्याला पुन्हा पासवर्ड विचारतो. तो बुचकळ्यात पडून पासवर्ड पुन्हा देतो, आणि मग पडद्यावर उत्तर येते की या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही. ‘या नावाचा’ म्हणजे त्याच्या पासवर्डच्या नावाचा, कारण सुटा राहिलेला शब्द प्रोग्रॅमने डेटाबेसचे नाव म्हणून वाचलेला असतो. आपला पासवर्ड असा चुकीच्या संदेशात पडद्यावर लखलखताना मी माझ्या उमेदवारीच्या काळात पाहिला आहे, आणि मागे एक वरिष्ठ सहकारी चहाचा कप घेऊन उभे होते.

याहून खट्याळ उदाहरण मजकुरात बदल करणाऱ्या ‘सेड’ या कमांडचे आहे. फाइल जागच्या जागी बदलण्यासाठी त्यात ‘-आय’ हा ऑप्शन आहे, आणि मूळ प्रत ठेवायची असल्यास तिची शेपटी त्याला द्यायची असते. लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये ही शेपटी ऐच्छिक आहे आणि ती चिकटवूनच द्यावी लागते. मॅकवर असलेल्या बीएसडी घराण्यातल्या सेडमध्ये ती सक्तीची आहे. प्रत नको असेल तरी अवतरणचिन्हांत रिकामा शब्द द्यावा लागतो. आता लिनक्सवर सरावलेला माणूस मॅकवर ‘सेड -आय -ई’ असे लिहून पुढे बदलाचे सूत्र देतो. मॅकचा सेड ‘-ई’ हा शब्दच शेपटी म्हणून घेतो, काम नीट करतो आणि ‘नोंदी.टीएक्सटी’च्या शेजारी ‘नोंदी.टीएक्सटी-ई’ अशी एक फाइल मुकाट्याने ठेवून देतो. उलट लिनक्सवर दोन ऑप्शन एकत्र करावेत या हेतूने कोणी ‘-आयई’ असे जोडून लिहिले, तर ग्नू सेड त्यातला ‘ई’ ऑप्शन मानतच नाही. तो शेपटी मानतो आणि ‘नोंदी.टीएक्सटीई’ तयार करतो. कोणाच्याही जुन्या प्रकल्पात अशा अर्धवट शेपटीच्या फाइली दिसल्या की तिथे कोण काय टाइप करून गेले ते मी आता नाव पाहूनच ओळखतो. दोन्हीकडे चालणारा एकच मार्ग म्हणजे ‘-आय.बॅक’ असे चिकटवून लिहिणे आणि काम झाल्यावर त्या प्रती काढून टाकणे.

जोडलेली अक्षरे फोडून वाचायची की किंमत म्हणून वाचायची, हाच प्रश्न पायथॉनच्या जुन्या ‘ऑप्टपार्स’ या मॉड्यूलच्या लेखकांपुढे होता. ‘ए’ या ऑप्शनला ऐच्छिक किंमत असेल आणि ‘बी’ हा वेगळाच ऑप्शन असेल, तर ‘-एबी’चा अर्थ काय लावायचा, असे विचारून त्यांनी आपल्या दस्तऐवजात ही सोय देणार नाही असे स्पष्टच लिहून ठेवले. त्याच्या जागी पायथॉन २.७ मध्ये आलेल्या ‘आर्गपार्स’ने मात्र ती दिली. त्यात एका प्रश्नचिन्हाने ऐच्छिक किंमत जाहीर करता येते, आणि दोन वेगळ्या किमती सांगता येतात: ऑप्शन लिहिलाच नाही तर कोणती आणि लिहिला पण पुढे काही दिले नाही तर कोणती. हे तीन अवस्थांचे भान (नाही, नुसता आहे, किमतीसह आहे) मला आजही आवडते, कारण अनेक प्रोग्रॅम पहिल्या दोन अवस्थांत गल्लत करतात. बरोबरचे चिन्ह लिहून पुढे काहीच न लिहिणे ही खरे तर चौथी अवस्था. तेव्हा किंमत नाही असे होत नाही, किंमत आहे आणि ती रिकामी आहे असे होते. स्क्रिप्टमधला एखादा व्हेरिएबल रिकामा निघाला की ही चौथी अवस्था न बोलावता येते.

रिकामा व्हेरिएबल चिकटवून लिहायच्या ऑप्शनपुढे आला तर याहून वाईट घडू शकते. प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या ‘मेक’ या कमांडला ‘-जे’ ऑप्शनने एका वेळी किती कामे चालवायची तो आकडा देता येतो, आणि आकडा दिला नाही तर मर्यादाच राहत नाही. एका स्क्रिप्टमध्ये मी संगणकातल्या कोअरची संख्या विचारणारी कमांड ‘-जे’ला चिकटवून ठेवली होती. ज्या यंत्रावर ती कमांडच नव्हती तिथे तिचे उत्तर रिकामे आले, नुसते ‘-जे’ उरले, आणि शेकडो फाइली एकदम संकलनाला (म्हणजे कंपाइल व्हायला) लागून ते यंत्र असे गारठले की माउसचा बाणही हलेना. शेवटी बटण दाबून बंद करावे लागले. गंमत म्हणजे हाच मेक ‘-जे’ आणि ‘४’ यांच्यात जागा सोडली तरी समजून घेतो, कारण पुढचा शब्द निव्वळ आकड्यांचा आहे की नाही ते तो डोकावून पाहतो. ‘४’ नावाचे लक्ष्य, म्हणजे मेकने करायचे काम, मेकफाइलमध्ये सहसा कोणी ठेवत नाही म्हणून हे खपून जाते. जीसीसी या कंपाइलरला मोठ्या लिपीतला ‘-ओ’ आणि ‘२’ असे सुटे लिहिले तर तो मात्र ‘२’ नावाची फाइल शोधू लागतो, आणि आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ला ‘--अब्रेव्ह’नंतर जागा सोडून १० लिहिले तर तो १० नावाची आवृत्ती शोधतो.

ऐच्छिक किमतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिचा चिकटवण्याशी संबंध नाही. न सांगितलेल्या किमतीचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला नुसते ‘--कलर’ लिहिले तर त्याचा अर्थ नेहमी रंग दाखवा असा होतो, त्यामुळे त्याचे उत्तर फाइलीत साठवले की नावांच्या मागेपुढे रंगांच्या खुणांचा कचरा साचतो. मजकुरात शब्द शोधणाऱ्या, ग्नूच्याच ‘ग्रेप’ला तोच ‘--कलर’ लिहिला तर तो समोर टर्मिनल आहे का ते पाहून ठरवतो. मला ग्रेपची रीत शहाणपणाची वाटते, पण एकाच कुटुंबातल्या दोन भावांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ लावावेत हे काही बरे नव्हे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेले ते ‘एक्सआर्ग्ज’, म्हणजे आलेल्या यादीतले शब्द दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड. त्यात पूर्वी ‘-आय’, ‘-एल’ आणि ‘-ई’ अशी तीन लहान लिपीतली अक्षरे ऐच्छिक किंमत घेत असत. प्रमाणकात ती बसेनात, तेव्हा त्याच तीन अक्षरांची मोठ्या लिपीतली रूपे घेतली गेली आणि त्यांना किंमत सक्तीची केली गेली. लहान लिपीतली अक्षरे ग्नूच्या एक्सआर्ग्जमध्ये अजून चालतात, पण पुस्तिकेत त्यांच्यापुढे ती वापरू नका असे लिहिलेले आहे. रोमन लिपीत अक्षराला मोठे रूप असते म्हणून ही युक्ती जमली. मराठीत ऑप्शन लिहायची वेळ आली असती तर ऱ्हस्व-दीर्घावर भागवावे लागले असते आणि आपला दीर्घाचा इतिहास पाहता ते टिकले नसते.

ताईंच्या प्रोग्रॅमकडे परत येतो. फोनवर तातडीचा उपाय म्हणून मी त्यांना ऑप्शन ओळीच्या शेवटी लिहायला सांगितले. सुटे दोन डॅश मध्ये ठेवूनही भागले असते, पण ‘येथे ऑप्शन संपले’ असा त्या दोन डॅशचा अर्थ फोनवर समजावून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. संध्याकाळी प्रोग्रॅम उघडून पहिला विचार सुचला तो चतुराईचा होता: पुढचा शब्द अस्तित्वात असलेल्या फाइलचे नाव असेल तर तो शेपटी मानायचा नाही. मेक डोकावतो तर आपणही डोकावावे. तासाभराने ती चतुराई मी पुसून टाकली, कारण पहिल्या फाइलचे नाव टाइप करताना एक अक्षर चुकले की ती फाइल अस्तित्वात नाही म्हणून तोच शब्द पुन्हा गुपचूप शेपटी झाला असता. बरोबरच्या चिन्हाची सक्ती करावी तर रस्ट या भाषेच्या ‘क्लॅप’ लायब्ररीत जशी एका शब्दात ती करता येते तशी सोय मी वापरलेल्या आर्गपार्समध्ये नाही.

मग फाइलींच्या प्रती करणाऱ्या ‘सीपी’ कमांडची पुस्तिका उघडली. तिथे ‘--बॅकअप’ला ऐच्छिक किंमत आहे, पण ‘-बी’ हा त्याचा एकाक्षरी भाऊ मुळीच किंमत घेत नाही आणि शेपटीसाठी ‘--सफिक्स’ हा वेगळा ऑप्शन आहे, ज्याला किंमत द्यावीच लागते. मी तेच उचलले. ‘--बॅकअप’ला किंमत घेण्याचा अधिकार काढून टाकला आणि ‘--सफिक्स’ नावाचा दुसरा ऑप्शन जोडला. प्रोग्रॅम चार ओळींनी वाढला. शेपटी बदलण्याची सोय एवढ्या हौसेने केली होती, पण आजवर ती एकदाही कोणी वापरल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या प्रकाशनसंस्थेत गेलो तेव्हा ताईंच्या मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला एक कागद दिसला. त्यावर निळ्या शाईत ती कमांड लिहिलेली होती, ‘--बॅकअप’ शेवटी, आणि त्याच्याखाली दोनदा अधोरेखित करून लिहिले होते: ‘शेवटीच लिहिणे. आधी लिहिल्यास पहिले प्रकरण खाते.’ आता कुठेही लिहिले तरी चालते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, आणि कागद तसाच ठेवला.